ट्रान्सफर 15 पैकी 15, पण बाजेवरून?

जळगाव-धुळ्याकडे ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारे उपचार) पोस्टिंगला आलेल्या विद्यार्थ्यांच्या फायलीत पेशंटचा बार्थेल स्कोअर, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचे मार्क, चोख भरलेला असतो. ट्रान्सफर, म्हणजे पलंगावरून खुर्चीत जाणं-येणं: 15 पैकी 15. हे मार्क वॉर्डातल्या कडक पलंगाचे. घरी सुतळीची बाज असते. बसलं की झोळ पडतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, आणि तोच अर्धांगवायूचा पेशंट दोघांनी धरल्याशिवाय उठत नाही.

म्हणून वॉर्डातच विचारा, झोपता कशावर? गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. पेशंट बसलेला असताना बाजेची उंची त्याहून दोन बोटं जास्त हवी. सुतळी ताणून घ्या, तरी कमी पडली तर चारही खुरांखाली विटा.

व्हीलचेअर चांगल्या बाजूला, 30 ते 45 अंशांत. फूटरेस्ट वर, दोन्ही ब्रेक. पलीकडचा ब्रेक दिसत नाही, म्हणून तोच राहतो. आधार कमरेला द्या. काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढलं की आधीच सैल पडलेला खांदा आणखी निखळतो. नंतर ‘हात दुखस का?’ विचारून काय उपयोग!

स्वयंपाकाचं मूल्यमापन तर ‘करता का?’, ‘हो’ एवढ्यावरच उरकतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी समोर करायला लावा. एका हाताने मळताना परात गरगर फिरते. खाली ओलं फडकं दुमडून ठेवा. थापणं एका हाताने जमतं, अडतं ते उचलून तव्यावर टाकताना. ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट उलटी करता येते. त्याआधी लुळ्या हाताला गरम-गार कळतं का ते तपासा, नाहीतर तव्याला हात लागलेलाही कळणार नाही. आणि मध्ये हात घालू नका. नोंदीत ‘मध्यम मदत’ एवढंच नको. कुठल्या टप्प्यावर, किती वेळा, कुठे धरलं ते लिहा. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेच्या (WFOT) निकषातले प्रत्यक्ष सरावाचे किमान 1000 तास नुसतं कोपऱ्यात उभं राहूनही भरतात. सुपरवायझरने सही करावी ती अशी नोंद वाचून.

स्प्लिंटचं, म्हणजे हात नीट स्थितीत धरून ठेवणाऱ्या साच्याचं, एक. तिचं थर्मोप्लास्टिक (तापवून आकार देता येणारं प्लास्टिक) साधारण 65 ते 75 अंशांच्या पाण्यात मऊ होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत किंवा चुलीजवळ ठेवलेली स्प्लिंट वाकडी होऊन येते. घरच्यांना सांगा, माठाजवळ सावलीत ठेवा. पहिल्यांदा घातल्यावर अर्ध्या तासाने काढून कातडी पाहा. लाली वीस मिनिटांत गेली नाही, तर तेवढी जागा गरम करून बाहेर फुगवा. आत कापूस कोंबू नका, दाब वाढतो.