आवाज चढला म्हणजे भांडणच असं नाही
आज भाच्याने बळेबळे डोटा २ या कॉम्प्युटर गेमच्या २०१८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा माहितीपट दाखवला. व्हँकुव्हरची फायनल, ओजी संघाने पीएसजी.एलजीडी संघाला ३-२ ने हरवलं ती. गेम मला निम्मा कळला नाही, पण खेळाडूंचं आपसातलं बोलणं! पाच जण, एक व्हॉइस चॅनल, आणि मागे ये, आत्ता नको, कुठे आहेस, सगळं ओरडूनच. अदबीने सांगायला वेळ कुणाला?

भाचा म्हणतो, धोका वेगळाच. आपला हिरो, म्हणजे गेममधलं आपलं पात्र, मेला की परत येईपर्यंत हात रिकामे आणि तोंड मोकळं. 'तुझ्यामुळे' तिथेच सुरू होतं.

ओजीकडे चिडायला कारणंही होती. स्पर्धेच्या काही महिने आधी दोघे संघ सोडून गेले, त्यातला फ्लाय तर कप्तान नोटेलचा जुना दोस्त. मग कोच सेब स्वतःच खेळायला बसला, खुल्या पात्रता फेरीतून वर आले, आणि वाटेत फ्लायच्या नव्या संघालाही हरवलं. (सिरियलवाल्यांनाही हे सुचलं नसतं.)

विचारलं, रात्री तुम्ही पोरं बोंबलता ते यातलं कुठलं, खेळातलं ओरडणं की 'तुझ्यामुळे'?

"जिंकत असलो तर पहिलं, मामा."