निरंक

"डॉक्टर, सरळ चुका मोजा ना. कर्मचाऱ्यांना काय वाटतं ते मोजून काय हाती लागणार?" प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये रुग्णसुरक्षेची प्रश्नावली घेऊन फिरायला लागल्यापासून हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक सभेत ऐकू येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चुका मोजायच्या तर त्या कुठेतरी लिहिलेल्या हव्यात. मी एका डोंगरी तालुक्यात वैद्यकीय अधिकारी होते, तेव्हा घटनांच्या रजिस्टरमध्ये दर महिन्याला एकच शब्द असायचा: निरंक. मी त्याखाली सही करायचे आणि मला बरंही वाटायचं. एकदा सभा संपल्यावर सिस्टर व्हरांड्यात थांबल्या. आदल्या आठवड्यात एका बाळंतिणीसाठी त्यांनी ऑक्सिटोसिनऐवजी मेथर्जिन भरलं होतं. बाईचं बीपी वाढलेलं, आणि अशा बाईला मेथर्जिन द्यायचं नसतं, त्यानं बीपी आणखी चढतं. टोचण्याआधी त्यांनी ॲम्प्युल पुन्हा पाहिलं म्हणून निभावलं. दोन्ही औषधं एकाच ट्रेमध्ये होती.

"लिहिलं का नाहीत?"

"मॅडम, लिहिलं की कागद वर जातो आणि नोटीस खाली येते."

ट्रे आम्ही त्याच दिवशी वेगळे केले. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझी सही असलेल्या किती 'निरंक'च्या मागे असं काही दडलं होतं?

प्रश्नावली हेच शोधते. एएचआरक्यू या अमेरिकी सरकारी संस्थेनं 2004 मध्ये रुग्णालयांसाठी एक काढली आणि 2009 मध्ये बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठी वेगळी. 'चूक झाली की ती आपल्यावरच शेकते असं इथल्या लोकांना वाटतं', 'इथे वेगळं मत मांडणं अवघड जातं', अशा धाटणीची विधानं असतात. सहमत की असहमत, एवढंच सांगायचं. अशा उलट्या विधानाला 'असहमत' हे अनुकूल उत्तर. शंभरातली किती उत्तरं अनुकूल, ते काढायचं. 75 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर ती जमेची बाजू, 50 किंवा त्याहून कमी असतील तर तिथे काम करायला हवं. मी सगळ्यात आधी ठपक्याविषयीची विधानं बघते. त्यांत अनुकूल उत्तरं कमी असतील, तर त्या केंद्राच्या निरंक अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात पल्स पोलिओच्या वेळी 12 बालकांना डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. लगोलग चर्चा सुरू झाली ती निलंबनाची. निष्काळजीपणाकडे काणाडोळा करा, असं माझं म्हणणं नाही. पण अशीच गल्लत दुसऱ्या कुठल्या बूथवर होता होता राहिली असेल, तर ती सांगायला त्यानंतर कोण पुढे येईल?

अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. केंद्रात माणसं मोजकी. कागदावर 'औषधनिर्माता' लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच, कारण तो एकच असतो. म्हणून मी हुद्दा विचारत नाही, कुलूपबंद पेटी ठेवते आणि पाच-सहा केंद्रांची उत्तरं एकत्र करूनच आकडे सांगते. साहेबांसमोर बसून भरलेले कागद तर मी धरतच नाही. त्यांत सगळं गोड असतं. शिवाय परदेशी प्रश्नावलीत आशाताई नसतात. गरोदर बाईला रात्री जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेतात त्या आशाताईच, आणि रेफरल चिठ्ठीत काय राहून गेलं हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्यासाठी विधानं बोलीभाषेत नव्यानं लिहावी लागली. हे काम मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं.

मध्यंतरी एका केंद्राच्या रजिस्टरमध्ये एकाच महिन्यात पाच नोंदी आल्या. त्यातली एक होती, गोवर-रुबेलाची कुपी उघडल्याची वेळ लिहायची राहिली म्हणून ती टाकून दिल्याची. लसीच्या भुकटीत द्रावक मिसळल्यानंतर चार तासांनी ती वापरायची नसते. वेळच माहीत नाही तर टाकणंच बरोबर. "इथे चुका वाढल्या का?" तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आढावा सभेत विचारलं. तिथल्या सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही सर, आता आम्ही लिहितोय." मग त्यांनी पाचही नोंदी वाचून दाखवल्या.