मायकल जॅक्सन आणि ते पांढरं दुधासारखं औषध

काल रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर जुन्या खटल्याचे व्हिडिओ बघत बसलो, म्हणजे बघा आता काय छंद! २५ जून २००९ ला मायकल जॅक्सन लॉस एंजेलिसमध्ये वारला, आणि तपासणीत मुख्य कारण निघालं प्रोपोफॉल, जोडीला लोराझेपॅमसारखी झोपेची औषधं. प्रोपोफॉल म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला शिरेतून देतात ते, दिसायला अगदी दुधासारखं, आणि त्याचे डॉक्टर कॉनरॅड मरे ते घरी, बेडरूममध्ये देत होते झोपेसाठी!

मला सगळ्यात भारी वाटलं ते रक्ताचं प्रकरण. माणूस गेल्यावर पण औषध अंगात एका जागी थांबत नाही, आसपासच्या अवयवांतून हळूहळू हृदयातल्या रक्तात उतरतं आणि तिथला आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त वेगळं घेतात, शिवाय यकृत, लघवी, पोटातलं सगळंच तपासतात.

खटल्यात मरे यांच्या बचावपक्षाचा आधी सूर होता की जॅक्सनने प्रोपोफॉल स्वतःच प्यायलं असेल. पण तोंडाने घेतलं तर यकृत त्यातलं बहुतेक आधीच निकामी करतं, त्यामुळे तो मुद्दा पुढे सोडूनच द्यावा लागला. डॉक्टरांनी फ्लुमॅझेनिल नावाचं उताऱ्याचं औषधही दिलं होतं म्हणे, पण तो उतारा लोराझेपॅमवर चालतो, प्रोपोफॉलवर शून्य उपयोग. नोव्हेंबर २०११ मध्ये डॉक्टर कॉनरॅड मरे दोषी ठरले, शिक्षा चार वर्षं. झोप मला पहाटे लागली.