हातातला जीपीएस: निघण्याआधीची पंधरा मिनिटं

यंत्र बरेच महिने कपाटात पडून असेल, तर चालू केल्या केल्या वाटेला लागू नका. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक, म्हणजे अल्मनॅक, आकाशातून पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्यावर ते पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. उंचीसकट जागा कळायला किमान ४ उपग्रह लागतात.

खरा घोळ होतो तो आकडे भरताना. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५ अंश. हेच अक्षांश कुणी १८.३० असं भरलं, की जागा थेट २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. यंत्र बिचारं कुरकुर करत नाही, चुकीच्या जागेकडेही इमानदारीत बाण दाखवतं! म्हणून सेटिंगमध्ये अंश-मिनिटांची पद्धत आधी बघा. कागदी नकाशा सोबत असेल तर त्यावर छापलेलं डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार, तेही जुळवा. यंत्रात सहसा डब्ल्यूजीएस ८४ नावाचं डेटम असतं.

साध्या मॉडेलमध्ये चुंबकीय होकायंत्र नसतं. तुम्ही थांबलात की बाण भरकटतो. दहा-पंधरा पावलं सरळ चाला, मग त्यावर विश्वास ठेवा. होकायंत्र असेल तर सेल बदलल्यावर ते पुन्हा कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवून घ्यायची. स्क्रीनवरचं अंतर बहुधा सरळ रेषेतलं असतं, मधली दरी त्यात धरलेली नसते.

कड्याच्या पायथ्याशी सिग्नल दगडावर आपटून येतो आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेघ, वेडावाकडा उमटतो. तिथे वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवायची खुणेची जागा, नोंदवू नका.

रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. सेटिंगमध्ये योग्य प्रकार निवडला नाही, तर बॅटरीची पट्टी खोटं बोलते.