वेल का काढली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, आईनं लावलेली भिंतीवरची वेल का काढलीस? वणवा तर डोंगरावर लागतो!

मलाही आधी तसंच वाटायचं. ज्वाळा चालून येतील, दिसल्या की निघायचं, एवढीच माझी समजूत होती. पण समोरचं घर जळालं त्या रात्री ज्वाळा आमच्याकडे फिरकल्याच नाहीत. डोंगर लांब पेटलेला, वारा मात्र आमच्या दिशेनं. ठिणग्या येत होत्या आणि अंगणात पडून विझत होत्या. एक त्या घराच्या पन्हळीत पडली. पन्हळ वाळलेल्या पाल्यानं भरलेली. आधी नुसता धूर निघाला, मग छपराच्या कडेला बोटभर ज्वाळा. शिडी लावेपर्यंत ती वाशांत शिरली होती. घरातली माणसं रस्त्यावर उभी राहून बघत होती. त्यांना काय बोलायचं ते कुणालाच सुचेना. सकाळी भिंती काळ्या झालेल्या आणि दारातलं झाड हिरवंगार. तरी लोक झाडांनाच दोष देतात.

झाडांशी माझं वैर नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडातल्या जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या काही पेटल्या, २० मीटरवरची एकही नाही. घर पेटायला बहुतेक वेळा एक ठिणगी आणि भिंतीला टेकलेलं काहीतरी सुकं पुरतं. म्हणून भिंतीपासून दीड मीटरपर्यंत मी जळेल असं काही ठेवत नाही. सरपण निदान ९ मीटर लांब. पोटमाळ्याच्या झरोक्याला ३ मिलिमीटर भोकांची धातूची जाळी. दारातलं काथ्याचं पायपुसणंसुद्धा वाऱ्याच्या दिवसांत आत घेते.

आणि वेल? बाहेरून टवटवीत होती. पानांचा थर बाजूला सारून हात आत घातला, तर काटक्या, जुनी घरटी आणि बोटांत चुरा होणारा पाला, थेट छपरापर्यंत.

बहीण म्हणते, आतून साफ करून, छाटून ठेवली असती तर चाललं असतं. असतंही कदाचित. पण छपराशी चढून दर हंगामात ते कोण करणार, याचं उत्तर तिच्याकडेही नाही. तिला माझं पटलेलं नाही. आईची आठवण आली की मलाही दर वेळी पटतंच असं नाही.