सावलीचं बिल

संपादनासाठी हातात आलेली कथा चौदा पानांची होती. संध्याकाळी कारकून घरी जातो आणि त्याची सावली कचेरीच्या भिंतीवरच राहते. कल्पना झकास, पण तिसऱ्या पानावर कथा ढेपाळत होती.

खर्ड्यातली मुख्य ओळ अशी: 'विश्वास बसणार नाही, पण जणू सावली भिंतीला चिकटूनच बसली होती!' 'विश्वास बसणार नाही' म्हटलं की निवेदक कथेतून उठून वाचकाशेजारी येऊन बसतो. 'जणू' आलं की घटना घडतच नाही, नुसती उपमा उरते. उद्गारचिन्हाबद्दल तर बोलायलाच नको. काटछाट करून उरलं ते एवढं: 'कारकून गेला. सावली राहिली.' पुढचे 'अचानक', 'आश्चर्य म्हणजे' हेही सगळे खोडले.

तर कथा आणखीच बिघडली! सावली अधांतरी लटकायला लागली, कारण मुळात कचेरीच उभी राहिली नव्हती. अद्भुत गोष्ट थंडपणे सांगायची तर तिच्या शेजारचं रोजचं जग घट्ट लागतं. लेखिकेला मी एकच विचारलं, "भिंत रंगवायची वेळ आली तर?" दुसऱ्या खर्ड्यात रंगारी सावलीपुरती जागा सोडून रंग देतो आणि तेवढे चौरस फूट बिलातून वजा करायचे का, यावर हिशेबनीस दोन दिवस फाइल अडवतो. पहिल्या खर्ड्यातला 'ते स्वप्न होतं' हा शेवट मग आपसूक गळला.

अडलं ते मलपृष्ठावर. मी 'जादुई वास्तववाद' लिहिलं होतं, म्हणजे रोजच्या जगात अद्भुत घडतं आणि ते साधेपणानं सांगितलं जातं, अशा कथांचं लेबल. लेखिका म्हणाली, "तुम्हाला जादू वाटते. कथेतल्या कुणाला वाटते का?"

वाद जुनाच. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी १९२५मध्ये हा शब्द वापरला तो चित्रांसाठी. क्यूबाचे कादंबरीकार कार्पेंतिएर यांनी १९४९मध्ये 'अद्भुत वास्तव' म्हटलं: अद्भुत लॅटिन अमेरिकेच्या इतिहासातच आहे, स्वप्न आणि वास्तव मिसळणाऱ्या युरोपातल्या अतिवास्तववाद्यांसारखं ते ओढूनताणून आणावं लागत नाही. समीक्षक आंखेल फ्लोरेस यांनी १९५५मध्ये 'जादुई वास्तववाद' ही संज्ञा इतकी ताणली की युरोपातला काफ्काही तिच्यात आला. १९६७मध्ये दुसरे समीक्षक लुईस लेआल यांनी ते खोडून काढलं. १९९६मध्ये फुगेत आणि गोमेस या चिलीच्या लेखकांनी 'मॅकओंडो' हा कथासंग्रह काढला, तो लॅटिन अमेरिकन म्हटलं की जादूच हवी या अपेक्षेला वैतागून. ती अपेक्षा धरणाऱ्यांत संपादकही होते, म्हणजे माझेच व्यवसायबंधू.

लेबल काढलं. मलपृष्ठावर रंगाऱ्याचं बिल छापलं, वजावटीसकट.