'डार्क साइड ऑफ द मून'वाली मिस्ट्री कॅश : नाल्यात उतरू नका

आधी मुद्द्याचं सांगतो. या कॅशला (जिओकॅशिंगच्या खेळात कोणीतरी लपवलेली, जीपीएसने शोधायची डबी) जाणार असाल आणि तुमचं उत्तर तुम्हाला नाल्यापलीकडे नेत असेल तर ते उत्तर चुकलंय. उतरू नका, मागे फिरा आणि गाणी परत मोजा. आम्ही दोघं उतरलो, साडेतीन तास गेले आणि डबी त्या बाजूला नव्हतीच.

कोडं पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमवर आहे आणि ज्याने रचलंय त्याने तो अल्बम मनापासून ऐकलाय, हे पहिल्याच प्रश्नाला कळतं. मिस्ट्री कॅश म्हटल्यावर नकाशावरचं प्रश्नचिन्ह नुसतं दाखवायला, खरी डबी तिथून साधारण 3 किलोमीटरच्या आत कुठेतरी. अक्षांश-रेखांशाचे अंश आणि मिनिटं दिलेली आहेत, मिनिटांच्या दशांश पॉइंटनंतरचे उत्तरेचे तीन आणि पूर्वेचे तीन असे सहा आकडे आपण काढायचे. प्रश्न मात्र सात, प्रत्येक वेगळ्या रंगात.

इथे आमची पहिली संध्याकाळ गेली. शाळेतलं तानापिहिनिपाजा डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सात रंग, सात प्रश्न हे बरोबरच वाटलं आणि मग एक आकडा जास्त कसा येतोय म्हणून आम्ही कधी शेवटचा सोड, कधी पहिला सोड असं करत बसलो. शेवटी मित्राने अल्बमचं कव्हर मोठं करून बघितलं. त्यावरच्या प्रिझममधून बाहेर पडणारे रंग सहाच आहेत. पारवा नाहीये! म्हणजे पारव्या रंगातला प्रश्न फसवा, तो सोडायचा. एवढं सांगतोय कारण हा भाग हुशारीचा आहे आणि तो कळल्यावर खरंच आनंद झाला, आकडे मात्र सांगणार नाही.

बाकीचे प्रश्न सोपे. फक्त 'मनी'च्या ठेक्याचा प्रश्न आहे तिथे बेसवर किंवा सॅक्सोफोनच्या तुकड्यावर मोजा, गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं सात मात्रांवरून चारवर जातं आणि तिथे मोजलं तर चुकणारच.

आता खरा खड्डा. दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे गाण्याचा अल्बममधला क्रमांक. माझ्याकडे जुनी सीडी आहे, मी सरळ तिच्या मागे बघून आकडे लिहिले. जुन्या काही सीडींवर पहिली दोन गाणी, 'स्पीक टू मी' आणि 'ब्रीद', एकाच ट्रॅकमध्ये आहेत, त्यामुळे दहाऐवजी नऊच ट्रॅक होतात आणि तिथून पुढचं प्रत्येक गाणं एका आकड्याने मागे येतं. माझा एक चुकलेला आकडा पूर्वेचा शेवटचा होता, त्याने दोनेक मीटरचा फरक पडतो, तो चालला असता. दुसरा उत्तरेच्या पॉइंटनंतरचा पहिला. तिथे एकाचा फरक म्हणजे 185 मीटर. तेवढ्यात मधे नाला येतो.

कॅशच्या वेबपानावर उत्तर तपासणारा चेकर नाही. उत्तर बरोबर की चूक हे कळायची काही सोय नाही, चालत जाऊनच कळतं. मला हे अजिबात पटलेलं नाही.

नाल्याचं सांगतो म्हणजे कोणी हौसेने जाणार नाही. वरून बघताना वीस-पंचवीस फुटांचा उतार वाटतो, प्रत्यक्षात तो तीन टप्प्यांत उतरतो आणि मधला टप्पा सगळा सुट्या दगडांचा. पाय ठेवला की दगड पायासकट निघतो. धरायला काटेरी झुडपांशिवाय काही नाही, ग्लोव्हज होते म्हणून हात वाचले, तरी डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे आहेतच. मी पुढे आणि मित्र वर थांबून, एकाने पूर्ण खाली पोचल्याशिवाय दुसऱ्याने निघायचं नाही, असं करत उतरलो, नाहीतर वरचा दगड खालच्याच्या डोक्यात. खाली जीपीएस कामाचं नाही, उभ्या काठांमुळे बाण एकदा तीस मीटर इकडे दाखवतो, एकदा तिकडे. पलीकडच्या काठावर चढून एकेक कपार, एकेक ढोली हाताने चाचपली. तासभर. काहीच नाही.

परत येताना मधेच एका दगडावर बसलो, नेटवर्क नाही, दोघंही गप्प. मित्राच्या फोनवर अल्बम डाउनलोड केलेला होता तो त्याने लावला. ती सुरुवातीची छातीची धडधड, मग घड्याळं, हसणं, किंचाळी, आणि गिटार सुरू झाली तशी स्क्रीनवर ओळ पुढे सरकली, 'ब्रीद', आणि त्याच्या डावीकडे बारीक 2. मी म्हटलं, "अरे, हे दोन नंबरला कसं? माझ्या सीडीत हे एकमध्येच आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. तिथेच वहीत आकडे सुधारले, डबीची जागा सरळ अलीकडच्या काठावर आली, जिथून पायवाट सोडून आम्ही उतरायला लागलो होतो त्याच्या अगदी जवळ.

हिंटचा अर्थही तेव्हाच लागला. पानावर सांकेतिक अक्षरांत दिलेली हिंट उलगडली की एकच शब्द येतो, 'धडधड'. आम्ही ते पाण्याच्या आवाजावर ढकललं होतं. अल्बम ज्या धडधडीने सुरू होतो त्याच धडधडीने संपतो. डबीही सुरुवातीलाच परत आणते.

वर आल्यावर दहा मिनिटांत सापडली. झाडाच्या मुळात, दगडाआड, फिल्मची काळी डबी. झाकणाच्या आतून ब्रशने एक पांढरी रेघ आत येते आणि सहा रंगीत रेघा बाहेर जातात, मी नखाने मोजल्या. पायांचा सगळा शीण गेला, वही उघडताना हात थरथरत होते.

तर जाणाऱ्यांसाठी. ट्रॅक दहा असलेल्या यादीवरूनच मोजा. पूर्ण बाह्या, ग्लोव्हज आणि चिमटा घ्या, कारण लॉगचा (शोधणाऱ्यांनी नाव लिहायचा) कागद घट्ट गुंडाळलेला आहे आणि बोटाने ओढलात तर फाटेल. पेन आपलं न्या. बरोबर उत्तर असेल तर टेरेन (वाट किती अवघड याचा पाचपैकी आकडा) अडीच हे रास्त आहे, पायवाटेपासून जेमतेम पन्नास पावलं. पण कॅश ठेवणाऱ्याने चेकर लावायचा नसेल तर अडीच लिहू नये, चुकलेल्या माणसासाठी ते सरळ चार आहे आणि अंधारात तर जाऊच नये. कोड्याला माझ्याकडून पूर्ण मार्क, इतकं नीट विचार करून रचलेलं कोडं मी आजवर सोडवलेलं नाही, आणि एवढं लागूनही मी परत जायला तयार आहे.

डबी ठेवताना दगड आधी होता तसाच आडवा लावा, आम्ही गेलो तेव्हा तो सरकलेला होता आणि कागदाची एक कड ओली झाली होती. लॉगमध्ये अजून आठ-दहा नावांची जागा आहे, कोणी जात असेल तर सुका कागद घेऊन जा.